अकरा महिन्यांचा रेडिओलॉजिस्ट

आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरोग्य खात्याच्या कंत्राटी भरतीच्या जाहिराती नेहमी येतात. नर्स, लॅब टेक्निशियन, डेटा एंट्री ऑपरेटर या जागांसाठी मुलामुलींची झुंबड उडते. त्याच तक्त्यात वरच्या बाजूला एक ओळ हमखास असते : रेडिओलॉजिस्ट, कंत्राटी, थेट मुलाखत. ती ओळ कोणी कोणाला पाठवत नाही. काही महिन्यांनी ते पद पुन्हा त्याच जागी दिसते. खाली टीपही ठरलेली : हे शासनाचे नियमित पद नाही, कराराची मुदत संपली की सेवा आपोआप संपेल, कायम होण्याचा हक्क सांगता येणार नाही. मुदत बहुधा अकरा महिन्यांची.

मीही ही ओळ वाचून पुढे सरकत असे. मग माझ्या खालाच्या सुनेचा पाचवा महिना आला. बाळात काही व्यंग आहे का, हे पाहणारी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास करतात. ती एकोणिसाव्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात गेली. मशीन होते, चालूही होते. खोलीला मात्र कुलूप होते, कारण डॉक्टरांचा करार संपला होता आणि दुसरे यायचे होते. तारीख मिळाली सहा आठवड्यांनंतरची, म्हणजे पंचविसाव्या आठवड्याची.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताचा कायदा ठराविक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत परवानगी देतो. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जाते. म्हणजे त्या तारखेने निर्णयाची सोपी वाट तिच्या हातून परस्पर काढून घेतली होती. शेवटी भिशीचे पैसे उचलून खासगीत तपासणी केली. रिपोर्ट चांगला आला. भिशी जिची नव्हती, तिचे काय झाले असेल?

आता कोणी म्हणेल, एक डॉक्टर नाही तर दुसऱ्याने मशीन चालवावे. तसे चालत नाही, आणि चालूही नये. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यानुसार मशीनची नोंदणी लागते, ते हाताळणाराही कायद्याने पात्र ठरवलेला डॉक्टरच लागतो आणि प्रत्येक गर्भवतीमागे ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. हा कायदा सैल करा असे मी मुळीच म्हणत नाही. मुलींसाठी तो हवाच. पण एवढे कळते की मशीन टेंडर काढून घेता येते, त्यासमोर बसणारा माणूस तसा आणता येत नाही.

माझ्या ऑफिसातल्या मित्रांचे उत्तर तयार असते : टेलिरेडिओलॉजी करा. आमच्या धंद्याची ही सवयच, प्रत्येक दुखण्यावर एक सर्व्हर. एक्स-रे आणि सीटी स्कॅनसाठी ते ठीक आहे. प्रतिमा फाइलच्या रूपात असते, ती कामठीतून पुण्याला पाठवून रिपोर्ट मागवता येतो. सोनोग्राफीत मात्र डॉक्टर प्रोब फिरवत असतानाच पाहतो, शंका आली की कोन बदलतो, बाईला कुशीवर वळायला सांगतो. तिथे हात लागतो.

हा हात अकरा महिन्यांसाठी का मिळत नाही, याचे कारण फक्त पगार नाही. रेडिओलॉजी ही पदव्युत्तर प्रवेशात सर्वांत आधी भरणारी शाखा, एमबीबीएस आणि इंटर्नशिपनंतर आणखी तीन वर्षांची. खासगीत तिला मागणी आहे हे उघड आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात तज्ज्ञाने स्वतः आकडा सांगावा आणि सरकारने तो द्यावा, अशीही सोय आहे. आकडा वाढतो, पण मुदत तीच राहते. शिवाय जोखीम. फॉर्म एफमधली चूक ही नुसती कारकुनी चूक म्हणून सोडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्या फॉर्मवर सही रेडिओलॉजिस्टची, भरणारा ऑपरेटर बहुधा कंत्राटीच. फौजदारी जबाबदारी पूर्ण वेळची आणि नोकरी अकरा महिन्यांची, हा सौदा कोण करील?

नागपूरबाहेरच्या वाचकाला वाटेल, मेडिकल आणि मेयो असलेल्या, २०१८ पासून एम्सही असलेल्या शहरात ही तक्रार कशी? मेयो तर मोमिनपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पण मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, डागा स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, मनपाचे दवाखाने मनपाकडे. बाईला हे विभाग माहीत नसतात. एका दारातून ‘तिकडे जा’ म्हटले की ती जाते, तिथे नवी चिठ्ठी, नवी रांग. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणीला या, असे आशाताई घरोघर सांगतात. बाया येतातही. पुढची पायरी सोनोग्राफीची असते.

२०२३ च्या सप्टेंबरात सरकारने खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला. तेव्हा आपले तरुणही बोलत होते, कारण प्रश्न त्यांच्या नोकरीचा होता. रेडिओलॉजिस्टच्या जागेसाठी आपल्या मोहल्ल्यातून अर्ज करणारा क्वचितच निघेल, म्हणून आपण गप्प. पण त्या जागेसमोरच्या बाकावर आपल्याच आया-बहिणी बसलेल्या असतात.

या महिन्याच्या बैठकीत माहितीच्या अधिकारात अर्ज करायचे ठरले आहे. फी दहा रुपये. प्रश्न चार : जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी आणि मनपा रुग्णालयात रेडिओलॉजिस्टची मंजूर नियमित पदे किती, भरलेली किती, गेल्या तीन वर्षांत सोनोग्राफीची खोली डॉक्टरअभावी किती दिवस बंद होती, आणि गर्भवतीला तारीख देताना तिचा आठवडा पाहिला जातो का. विभाग तीन, म्हणून अर्जही तीन. मसुदा मी केला आहे. सही करणाऱ्यांमध्ये निम्म्या तरी बायका असाव्यात असा आग्रह आहे. पहिले नाव खालाच्या सुनेने दिले.