पत्र्यावर माणूस चढवण्यापूर्वी



ऊस सोडून हे पत्र्यांचे काय काढले, असे तुम्ही म्हणाल. सांगतो.

आमच्या गटातल्या एका सभासदाचा मुलगा गेल्या मे महिन्यात मुंबईला जुहूत एका इमारतीच्या गच्चीवर पावसाळी पत्रे बसवताना खाली आला. जीव वाचला, पण कंबर गेली. आडसाली लागण बापाने एकट्याने केली. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो, तर मुकादम म्हणतो, "पोराचंच लक्ष नव्हतं."

हे आम्हाला पटले नाही. जुहू म्हणजे समुद्रकाठ. खाऱ्या वाऱ्याने पत्रा नि अँगल गंजतात, वरून मात्र रंग शाबूत दिसतो. कमरेला पट्टा नाही, पायाखाली फळी नाही. मग लक्ष नक्की कोणाचे नव्हते?

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? गोठ्यावरचा, गोदामावरचा सिमेंटचा पत्रा जुना झाला की ठिसूळ होतो, माणसाचे ओझे पेलत नाही. गळू लागले की आपण गड्याला म्हणतो, "चढ रे, बघ जरा." वर ओले शेवाळ, खाली फरशी. दहा फुटांवरून पडले तरी मणका मोडतो.

आमचे स्पष्ट मत आहे, की पहिली जबाबदारी चढवणाऱ्याची. १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ३२ नेही पडण्याचा धोका असेल तेथे बंदोबस्त करण्याचे काम मजुरावर नव्हे, कारखानदारावर टाकले होते.

तेव्हा एवढे कराच. पत्र्यावर थेट पाय नको. अँगलपासून अँगलपर्यंत पोचेल अशी जाड फळी टाका. पट्ट्याचा दोर कैचीला बांधा, पत्र्याच्या हुकाला नव्हे. शिडी खालून एकाने धरावी. पावसात नि वाऱ्यात काम बंद.

मुंबईत बांधकामावर गेलेल्या मुलांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम लागते. गावी खातेदार शेतकरी किंवा त्याच्या घरचा एक जण उंचावरून पडून दगावला, तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून २ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा.

पण मदत म्हणजे वरातीमागून घोडे. फळी नि दोर आपल्या घरातच आहेत. गड्याला हाक मारण्याआधी ते बाहेर काढा.

– ऊस विकास अधिकारी