डोके दुखते, मूळ मानेत

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर कोणीतरी हमखास गाठतो. "फादर, डोके फार दुखते, एखादी गोळी असेल तर द्या." कळ मानेमागून उठते, एकाच बाजूने कपाळाकडे किंवा डोळ्यामागे जाते आणि मान वळवली की वाढते, असे तो सांगू लागला की मी त्याला मानेविषयीच विचारतो. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळच्या नसा आणि चेहऱ्याची नस आत एकाच जागी येऊन मिळतात. म्हणून मानेतले दुखणे कपाळात भासते. १९८३ साली नॉर्वेचे डॉ. स्यास्टाड यांनी या डोकेदुखीला वेगळे नाव दिले.

चिनी वैद्यकात अशा दुखण्यावर सुया टोचतात आणि 'तुईना' नावाचे मर्दन करतात. तुई म्हणजे ढकलणे, ना म्हणजे पकडणे. सोलापूरचे डॉ. कोटणीस ज्या पथकातून १९३८ साली चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे ही सुयांची विद्या तेथे शिकून कलकत्त्यास घेऊन आले. तेव्हा ती आपल्याला अगदीच परकी नाही.

माझे मत विचाराल तर, सुया जरूर घेऊन पाहाव्यात, पण आधी डॉक्टरांकडून मान तपासून घ्यावी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शनाने २०१२ साली अर्धशिशी व ताणाच्या जुनाट डोकेदुखीसाठी दहा बैठकांपर्यंत सुया सुचवल्या. मानेच्या डोकेदुखीसाठी मात्र एवढा भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा व्यायामाचा आधार बरा. २००२ साली ऑस्ट्रेलियात दोनशे रुग्णांवर प्रयोग झाला. मानेच्या आतल्या स्नायूंचे हलके व्यायाम सहा आठवडे केलेल्यांना वर्षानंतरही आराम टिकला होता. हा व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतो. खर्च थोडा, पण रोज करावा लागतो, आणि तिथेच आपले घोडे अडते! गोळी गिळणे सोपे. पण महिन्यातून पंधरा दिवस, असे तीन महिने वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या, तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते.

मर्दन हलक्या हाताचे असावे. मान कडकन मोडून देणाऱ्याला, मग तो केशकर्तनालयातला असो की मोठी पाटी लावलेला वैद्य असो, स्पष्ट नाही म्हणा. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तसे आधीच सांगा.

आणि दुखणे एकाएकी, कधी नव्हे इतके जोरात उठले, ताप येऊन मान आखडली, पडल्यानंतर सुरू झाले, हातातले बळ गेले किंवा बोबडी वळली, तर सुईवाल्याची वाट पाहू नका. शेतातून तसेच गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात न्या. भारा बांधावर राहिला तरी चालेल.