गणितगंमत : सतरा अंकी आनंद

दोस्तांनो, ओळीनं नऊ एक लिहा : १११११११११. आता हिचा वर्ग करा. साध्या कॅल्क्युलेटरवर उत्तर मावणार नाही, वहीतच मांडा. येईल १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच!

अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिलं द. रा. कापरेकर यांनी. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत मास्तर होते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो, तिला ते ‘हर्षद’ म्हणत. म्हणजे आनंद देणारी.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भाग जाईल? भागाकार करूच नका! नऊ एकांची बेरीज ९, म्हणून मूळ संख्येला ९ नं भाग जातो. मग तिच्या वर्गाला ९ × ९, म्हणजे ८१ नं जाणारच.

कित्येकांना हा पोरखेळ वाटला. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिलं आणि मास्तरांचं नाव जगभर पोचलं.

देवळाली असो की धाराशिव जिल्ह्यातलं आपलं जळकोट, कागद-पेन्सिल पुरे! आता सांगा, १२१ हर्षद आहे का? आणि १२३२१? उत्तरं पुढच्या आठवड्यात.