हवं तेवढंच ऐकू येतं?

परवा फुईचा फोन आला (आमच्या खान्देशात आत्याला फुई म्हणतात). चांगली वीस मिनिटं बोलली. यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. सांगतो.

साक्रीच्या आमच्या घरात फुईबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं, "तिला हवं तेवढंच ऐकू येतं." पुरावेही होते ना! शांत घरात काही विचारलं की "काय म्हनस?" आणि पिठाच्या गिरणीत किंवा धुळ्याच्या एस.टी.त शेजारणीचं सगळं व्यवस्थित ऐकणार. शिवाय बहिरी माणसं मोठ्याने बोलतात, ही तर इतकं हळू बोलायची. म्हणजे नाटकच! मीही हसलोय.

शेवटी, अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नादकाटा कानासमोर धरला, तर ऐकू येईना. कानामागच्या हाडावर टेकवला, तर लगेच येऊ लागलं. म्हणजे नस बरी होती, वाट अडली होती.

कानाच्या पडद्यामागे तीन हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब अगदी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दिसते तशीच, फक्त जेमतेम ३ मिलिमीटरची. शरीरातलं सगळ्यात लहान हाड. पडदा हलला की हातोडी ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला, आणि रिकिबीचा तळवा आतल्या कानाच्या खिडकीवर दट्ट्यासारखा मागेपुढे होतो. पलीकडे पाणी. हवेतला आवाज पाण्यात सहज शिरत नाही. पण मोठ्या पडद्याचा जोर त्या इवल्या तळव्यावर एकवटतो आणि दाब सुमारे २० पट होतो.

फुईच्या कानात हा तळवा नव्या हाडाने खिडकीला जखडला होता. या आजाराला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, बायकांमध्ये जास्त. आणि आमचे सगळे 'पुरावे' ही त्याचीच लक्षणं निघाली! गोंगाटात लोक आवाज चढवतात आणि तो गोंगाट मात्र तिला कमी ऐकू येतो. स्वतःचा आवाज हाडांतून मोठा येतो, म्हणून ती हळू बोलते.

रिकिबीच्या जागी कृत्रिम दट्ट्या बसवण्याची शस्त्रक्रिया १९५६ पासून होते आहे. थोडा धोका असतो, पण बहुतेकांना फायदा होतो. नकोच असेल तर मशीन आहे. फुईने एका कानाचं ऑपरेशन करून घेतलं.

मला वाटतं, आपण चष्म्याचा नंबर काढायला लाजत नाही, कानाचं मात्र स्वभावावर ढकलतो. त्यातून घरातली बाई असेल तर तिचं ऐकू न येणं म्हणजे बहाणाच. कुणाला असं नाव ठेवण्याआधी एकदा कान तपासून घ्या, एवढंच.

परवा फोन ठेवताना फुई म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही सगळे माझ्यापासून लपवून बोलता."

पंचवीस वर्षं! आम्हाला तिचा संशय, तिला आमचा. आणि मध्ये ते ३ मिलिमीटरचं हाड.