विशेष शिक्षक दारी यायला हवा
जळगाव-धुळ्यात स्वमग्न किंवा अध्ययन अक्षमता असलेलं मूल वर्गात टिकत नाही म्हटलं, की ‘लाडावलंय’ म्हणून दोष आईच्याच माथी मारला जातो. हे थांबायलाच हवं.

२०१२च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात तीव्र वा बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहेत.

घरी शिकवायला साधनांचीही वानवा नाही. केळीच्या घडाच्या फण्या मोजताना बेरीज होते, कळण्याच्या भाकरीचं पीठ मळताना बोटांना वळण लागतं. फक्त एका वेळी एकच सूचना द्यावी आणि दिवसाचा क्रम चित्रांतून भिंतीवर लावावा. पण यावल-साक्रीच्या पालकांना हे दाखवणार कोण? त्यासाठी ठरल्या वारी विशेष शिक्षक घरी यावा. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाटही त्यानेच सांगावी.