आधी यादी, मग तक्रार

पडद्यावरचा मुसलमान एक तर नवाब, नाही तर बॉम्ब पेरणारा, ही आमची तक्रार जुनी आणि खरी आहे. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे आम्ही किती जण मुंबईच्या माहितीपट महोत्सवाला जातो? परतीची लोकल गाठायची असते, सगळे पाहणे शक्य नाही. म्हणजे निवड आलीच. बांद्र्याच्या बेहरामपाड्यावरचा मधुश्री दत्तांचा माहितीपट (१९९३) पाहावा. गुजरातच्या दंगलीवरचा राकेश शर्मांचा ‘फायनल सोल्यूशन’ही पाहावा. २००४ साली मुंबईच्या सरकारी महोत्सवाने तो नाकारला, तेव्हा ‘विकल्प’ हा वेगळा महोत्सव भरला होता.

पण फक्त आपल्या जखमा निवडणे हीही पळवाटच! तामिळनाडूत मुस्लिम बायकांनी स्वतःची जमात उभारून तलाक, हुंड्याचे तंटे हाती घेतले. त्यांच्यावरचा दीपा धनराज यांचा ‘इनव्होकिंग जस्टिस’ (२०११) आमच्या यादीत पहिला का नसावा? आम्हाला प्रश्न विचारणारे चित्रपट आम्हीच टाळले, तर आमच्या तक्रारीला कोण किंमत देणार? पुढच्या महोत्सवाचे वेळापत्रक आले, की त्यावर पहिली खूण घरातल्या बायकांनी करावी. आणि लोकलही त्यांनी आमच्यासोबतच पकडावी.