तयार इंजिन कीं घडविलेलें इंजिन?

यंत्र तयार विकत घ्यावें कीं आपल्या गरजेप्रमाणें घडवून घ्यावें, हा प्रश्न केवळ मोठ्या कारखानदारांचा आहे असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या किनाऱ्यावर मात्र तो लहानथोर सर्वांनाच पडतो. सातपाटीच्या नाखव्याच्या बोटीचें जुनें इंजिन निकामी झालें म्हणजे त्यास तो पडतो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखानदारास नवें यंत्र बसवितांना पडतो. आणि तारापूर येथें तर साऱ्या राष्ट्राच्या वतीनें तो दोनदां सोडविला गेला, व दोन्ही वेळां त्याचें उत्तर निरनिराळें आलें. उद्यांचे यंत्रज्ञ व नाखवे आजच्या वर्गांतच बसलेले आहेत. तेव्हां ह्या विषयाचा विचार ह्या पानांत अप्रस्तुत ठरूं नये.

प्रथम दोन्ही बाजूंचें म्हणणें ऐकून घेऊं. अमेरिकेसारख्या देशांत मोटारींच्या शर्यतींचे षोकी लोक कारखान्यांतून लांकडी खोक्यांत भरून आलेलें संपूर्ण इंजिन विकत घेतात. त्याची शक्ति आधीं मोजलेली असते, किंमत ठरलेली असते, हमी असते, आणि सुटे भागही सहज मिळतात. शेंकडों इंजिनें एकाच नमुन्याचीं निघाल्यामुळें त्यांतील दोष दुसऱ्या कोणाच्या तरी अनुभवानें पूर्वींच उघडकीस आलेले असतात. उलटपक्षीं कांहीं लोक कुशल कारागिरास गांठून सिलिंडरापासून दट्ट्यापर्यंत प्रत्येक भाग निवडून इंजिन बांधून घेतात. तें त्यांच्या कामास अंगरख्यासारखें बेतशीर बसतें. परंतु त्याला वेळ अधिक लागतो, खर्चाचा अंदाज चुकतो, आणि त्याची पहिली परीक्षा मालकाच्याच पैशानें होते. शिवाय पुढें बिघाड झाला तर त्याचें मर्म जाणणारा तो एकच कारागीर असतो.

एवढ्यावरून तयार इंजिनाच्या बाजूनें निकाल द्यावा असा मोह होईल. परंतु ‘तयार’ ह्या शब्दापुढें ‘कशासाठीं?’ हा प्रश्न नेहमीं विचारला पाहिजे. मालवाहू मोटारीचें इंजिन रस्त्यासाठीं तयार असतें, समुद्रासाठीं नसतें. रस्त्यावर त्याचा भार क्षणोक्षणीं कमीअधिक होतो व समोरून येणारा वारा त्यास थंड ठेवतो. बोटींत तेंच इंजिन तासन्‌तास एकाच भाराखालीं चालतें, आणि त्यास थंड ठेवण्यास जें खारें पाणी खेळवावें लागतें, तेंच लोखंड खाऊन टाकतें. म्हणून बोटीचें इंजिन बोटीकरितांच योजलेलें असावें लागतें. ह्याबरोबरच काळाचाही हिशेब आहे. जून व जुलै हे मासेमारीबंदीचे महिने संपेपर्यंत इंजिन बसलें नाहीं, तर हंगामाचे पहिले दिवस फुकट जातात; कर्जाचा हप्ता मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. अशा स्थितींत नाखव्यानें बोटीसाठींच बनलेलें तयार इंजिन घेतलें तर त्यास भित्रा म्हणणें अन्यायाचें होईल.

आतां तारापूरकडे पाहूं. भारताचें अमेरिकेशीं १९६३ सालीं सहकार्याचें बोलणें पक्कें झालें, व पुढील वर्षीं तेथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे दोन अणुभट्ट्यांचें केंद्र बांधून, चालू करून हवालीं करण्याचें काम सोंपविण्यांत आलें. हें मोठ्या प्रमाणावरचें तयार इंजिनच होय. काम भरभर झालें. २८ ऑक्टोबर १९६९ पासून प्रत्येकी २१० मेगावॅट शक्तीचे दोन्ही संच रीतसर वीज देऊं लागले. तयार यंत्राचा गुण तो हाच.

दोष पुढें दिसूं लागला, आणि तो यंत्राहून अधिक त्याच्या खाद्यांत होता. ह्या भट्ट्यांस समृद्ध युरेनियम लागतें व तें अमेरिकेहून यावयाचें होतें. १८ मे १९७४ रोजीं पोखरण येथें स्फोट झाला, १९७८ सालीं अमेरिकेनें नवा कायदा केला, आणि पुढें पुरवठा आटला. १९८२ सालीं फ्रान्सनें इंधन देण्याचें मान्य केलें म्हणून निभावलें. शिवाय वाफ निर्माण करणाऱ्या दुय्यम पात्रांच्या नळ्या गळूं लागल्यामुळें तीं बाजूस ठेवावीं लागलीं व प्रत्येक संचाची शक्ति १६० मेगावॅटवर आली. तथापि आमच्या लोकांनीं हीं यंत्रें उघडलीं, दुरुस्त केलीं, आणि अर्धशतक त्यांच्याकडून काम घेतलें. तयार यंत्र विकत घेणारा अडाणीच राहतो, हें म्हणणें ह्यावरून खोटें ठरतें.

दुसरा मार्ग त्याच काळीं चालूं होता. नैसर्गिक युरेनियम व जड पाणी ह्यांवर चालणारी भट्टी आपल्या साधनांस अधिक अनुरूप होती. तिचा पहिला धडा राजस्थानांत रावतभाटा येथें कॅनडाच्या साह्यानें घेतला. १९७४ नंतर कॅनडानें अंग काढून घेतल्यावर तेथील दुसरा संच आमच्याच लोकांनीं १९८१ सालीं चालू केला. मग २२० मेगावॅटचे संच ठिकठिकाणीं उभारून हात बसल्यावर ५४० मेगावॅटचा आराखडा येथेंच तयार झाला, व तो तारापुरांत उतरला. चौथा संच १२ सप्टेंबर २००५ रोजीं आणि तिसरा १८ ऑगस्ट २००६ रोजीं रीतसर सेवेंत आला. पहिल्या तयार संचांपासून ह्या घडविलेल्या संचांपर्यंत छत्तीस वर्षें गेलीं. घडविलेल्या यंत्राची खरी किंमत ह्या छत्तीस वर्षांत आहे. त्या किंमतींत पोफरण व अक्करपट्टी येथील लोकांनीं सोडलेलीं घरेंही मोजलीं पाहिजेत. यंत्राचा जमाखर्च मांडतांना तो रकाना कोरा ठेवणें योग्य नव्हे.

कोणी म्हणेल, घडविल्यानें परावलंबन तरी संपलें ना? पूर्णपणें नाहीं. २००७-०८ च्या सुमारास देशांतील खाणींतून पुरेसें युरेनियम निघेना, तेव्हां ह्या स्वदेशी भट्ट्याही कमी शक्तीनें चालवाव्या लागल्या. इंजिन आपलें असलें तरी इंधनाची चिंता सुटत नाहीं. मग घडविण्याचा लाभ कोणता? लाभ हा कीं, यंत्र कोठें अडलें व कां अडलें हें आपणांस कळतें, आणि पुढचें यंत्र त्याहून मोठें करतां येतें. गुजरातेंत काक्रापार येथें उभे राहिलेले ७०० मेगावॅटचे संच ह्याच शाळेंतून निघाले. तसेंच, ज्यास घडवितां येतें त्यास विकतही चांगलें घेतां येतें; कारण विकणाऱ्यास कोणते प्रश्न विचारावे हें त्यासच ठाऊक असतें.

आमचें मत असें आहे. पहिलें यंत्र बहुधा तयारच घ्यावें. पोटाचा उद्योग प्रयोगावर टांगूं नये. मात्र घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: तें आपल्याच कामासाठीं बनलेलें आहे काय, त्याचें खाद्य व सुटे भाग कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहेत, आणि तें उघडून पाहण्याची मोकळीक आपणांस आहे काय. तिसऱ्या प्रश्नास ‘नाहीं’ असें उत्तर आलें, तर तें यंत्र कितीही स्वस्त असो, महागच समजावें. जेथें आपली गरज इतरांहून वेगळी आहे, आणि वाट पाहण्याइतका काळ व धन हातीं आहे, तेथेंच घडविण्यास हात घालावा.

आमच्या वसाहतींतील कारखान्यांत व बंदरांतील बोटींवर आज बहुतेक यंत्रें तयार आलेलीं आहेत. त्यांत लाज वाटण्याजोगें कांहींच नाहीं. परंतु तीं वर्षानुवर्षें चालवूनही त्यांचें झांकण काढण्याचें धैर्य एकाही तरुणास होऊं नये, ही गोष्ट मात्र खचित लाजिरवाणी होईल. ज्या विद्यार्थ्यास सुटींत एखाद्या मिस्त्रीच्या हाताखालीं बसून मोडकें इंजिन सोडविण्याची व पुन्हां जुळविण्याची संधि मिळेल, त्यानें ती दवडूं नये.